जंगम मालमत्ता

दरवर्षी मार्चअखेर आमच्या मंडळीच्या जंगम मालमत्तेची यादी होते. बाक, पंखे, सतरंज्या, पेटी एक, तबल्याची जोडी एक (डग्गा फुटका), प्रभुभोजनाचे पेले, दानाच्या थैल्या. स्थावर मालमत्तेचे कागद कोर्टात आहेत, त्यामुळे त्या विषयाकडे कोणी वळत नाही. यादीचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आले आहे. शब्बाथ शाळेत माझ्याबरोबर शिकलेले चौघे आता रविवारी इथे नसतात, म्हणून. त्याच वहीत, मागच्या बाजूने, मी आणखी एक यादी लिहितो. ती पंचकमिटीपुढे ठेवत नाही.

पहिली घंटा. उपासना दहाची. पहिली घंटा साडेनऊला, दुसरी दहाला. पहिली होती मळ्यांतून, वस्त्यांवरून चालत येणाऱ्यांसाठी. ती ऐकली की बायका चुलीवरचे कालवण उतरवत आणि पोरांचे केस पाण्याने चापून बसवत. दोराला लटकायची आमची पाळी ठरलेली असे. दोर झिजला. नवा आणताना कोणीतरी म्हणाले, सगळ्यांकडे मोबाइल आहेत, दोनदा कशाला? आता एकच होते. चालत येणारे वेळेवर पोहोचायचे. गाडीने येणारे दुसऱ्या गीताला पोहोचतात.

सलाम. उपासना सुटल्यावर दाराशी हात कपाळापर्यंत नेऊन केलेला. पाळकसाहेबांना, मग वयाने मोठ्यांना, मग ज्यांच्याशी भांडण आहे त्यांनाही, कारण दार एकच होते. आमच्या पिढीने तो हॅलोवर आणला.

हजेरीची तिकिटे. शब्बाथ शाळेत मिळायची. पोस्टाच्या तिकिटाहून जरा मोठी, एका अंगाला चित्र, दुसऱ्या अंगाला सुवर्णवचन. चित्रातली मेंढरे पांढरीशुभ्र आणि गुबगुबीत. नगरच्या माळावर काळी, काटक दख्खनी मेंढरे बघत वाढलेल्या आम्हाला ती कापसाची वाटत. वर्षभराची तिकिटे भरली की नाताळात बक्षीस. माझ्या डब्यात अजून काही आहेत. कडा पिवळ्या पडल्या आहेत.

वचन काढायची शर्यत. बंद पवित्र शास्त्र डाव्या तळहातावर, उजवा हात वर. बाई पुकारत: हबक्कूक, दोन, चार. 'काढा' म्हटले की पाने सळसळत. मधोमध उघडले की स्तोत्रसंहिता येते. तिथून उजवीकडे यशया, यिर्मया, यहेज्केल, दानीएल, आणि मग बारीक पुस्तकांची दाटी: होशेय, योएल, आमोस, ओबद्या. ओबद्याचा एकच अध्याय. पान चिकटले की तो हुकला आणि थेट योना लागला. आमच्यात ओबद्या सर्वांत आधी ज्याच्या हाती लागायचा तो आता कॅनडात असतो आणि देव नाही असे कोणताही आवेश न आणता सांगतो. ओबद्या कुठे आहे हे मात्र त्याला अजून ठाऊक आहे. मी परवा विचारून पाहिले.

मुलांकडे आता मोबाइलमध्ये पवित्र शास्त्र आहे. नाव टाकले की वचन समोर. शर्यत गेली याचे फार वाटत नाही. शोधता शोधता शेजारची पाने डोळ्यांखालून जायची, ते गेले. नहूम आणि सफन्या मी पहिल्यांदा वाचले ते ओबद्या सापडत नव्हता म्हणून.

कीर्तन. नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तनाला एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा. कृष्णराव सांगळ्यांचे नाव त्यात पहिले घेतात. उधळ्या पुत्राचे आख्यान लावले की बुवा डुकरांच्या शेंगांपाशी येऊन थांबत आणि पाणी मागत. सगळ्यांना पुढचे माहीत असे, तरी कोणी उठत नसे. आमच्याकडे शेवटचे कीर्तन कधी झाले ते मिनिट्सच्या वहीत नाही.

चाली. ही या यादीतली सर्वांत महागाची वस्तू.

आमचे गीतांचे पुस्तक उपासनासंगीत. त्यात मोठा वाटा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. अभंग, ओवी, साकी, दिंडी, भजनाचे ठेके, सगळे त्यांनी उपासनेत मुरवले, आणि जात्यावर बसणाऱ्या बाईला ख्रिस्त गुणगुणता आला. पुस्तकात शब्द छापलेले आहेत. वर कुठे रागाचे नाव, कुठे 'चाल' म्हणून भलत्याच एका पदाची ओळ. ते पद आता कोणाला येते? आमच्याकडे स्वरलिपी कोणी लिहून ठेवली नाही, गरजच वाटली नाही. चाल आजीकडून नातीकडे, पेटीवाल्याकडून शेजारी बसलेल्या पोराकडे जायची. दर दहा-पंधरा मैलांवर ती वेगळी. दोन गावच्या मंडळ्या एकत्र आल्या की गीत एक आणि चाली दोन, मग पेटीवाला ज्या गावचा त्याची सरशी.

आमचा पेटीवाला मित्र शहरातल्या एका नव्या फेलोशिपमध्ये गेला. लग्नाच्या हॉलमध्ये भरते, ड्रम आहेत, पडद्यावर शब्द येतात. तिथे तो कीबोर्ड वाजवतो आणि सुखात आहे. जाताना काही घेऊन गेला नाही. पेटी इथेच आहे, मी दरवर्षी तिची नोंद करतो. पण त्याच्याबरोबर कितीतरी गीतांचे अंतरे गेले. ध्रुपद सगळ्यांना येते. अंतऱ्याला मंडळी आवाज खाली घेते आणि पेटीकडे बघते. पेटीवर आता एक शाळकरी मुलगी बसते. ती भिंतीकडे बघते.

म्हणून अंतरा मला ओढावा लागतो. माझा आवाज बेताचा. आम्ही पाच जण एका बाकावर असताना मी नुसता ओठ हलवून भागवत असे. आता भागत नाही. या जबरदस्तीत एक गोष्ट झाली. पाच जणांत गाताना मी चाल गात होतो. एकट्याने ओढताना शब्द तोंडातून जाण्याआधी कानावर पडू लागले, आणि काही ओळींशी अडायला झाले. हे मी खरेच म्हणतो आहे का? एखादे कडवे मी सरळ सोडून देतो. काही कडवी वर्षभराने पुन्हा घेता आली. माझ्या विश्वासात कुठे काही वाढ झाली असेल तर ती अशा सोडलेल्या आणि परत घेतलेल्या कडव्यांत आहे. प्रवचनांनी तेवढे केलेले नाही.

एका गीताचा दुसरा अंतरा कोणालाच आठवेना तेव्हा कॅनडाला फोन लावला. तिकडे रात्र होती, तो दुकानाबाहेर गाडीत बसला होता. म्हणाला, शब्द सांग. सांगितले. त्याने पूर्ण गुणगुणून दाखवले, हरकतीसकट. मी रेकॉर्ड करून घेतले. मागे गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक आहे. त्या मुलीने त्यावरूनच बसवले. तालाला टिकटिक जवळजवळ जुळते, असे तिचे म्हणणे.

टिळकांचे आणखी एक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सुटले ते त्यांचे घरदार, जात, सोबती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये घेतला. मधल्या काळाची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे, हसवत हसवत सांगितलेली. पण पुढे १९१७ मध्ये याच टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही त्यात जागा. दोन वर्षांनी ते गेले. म्हणजे ज्यांची गीते आम्ही उपासनेत भक्तिभावाने गातो ते स्वतः चौकटीबाहेर पाऊल टाकून बसलेले गृहस्थ. हॉलमधल्या फेलोशिपबद्दल आमच्या पंचांपैकी कोणी नाक मुरडले की मी हे सांगतो. कोणाला आवडत नाही.

ज्ञानोदय. १८४२ साली नगरहून निघाला. आमच्या घरी पोस्टाने यायचा, गुंडाळी करून, वर पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली. वडील आधी मृत्युवार्ता वाचत, मग अग्रलेख. ते गेल्यावर वर्गणी कोणी भरली नाही.

मनुकांचा रस. प्रभुभोजनाला द्राक्षरस विकत आणत नसत. महिला मंडळातल्या एक आजी शनिवारी मनुका भिजत घालत, उकळत, फडक्यातून गाळत. त्यांच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी कांदा चिरायचा नाही, रसाला वास लागतो. कपाळाला आठ्या घालून गोडी बघायच्या आणि भांडे झाकून ठेवायच्या. चोथा आम्हा पोरांना. त्यांच्यानंतर सुनेने दोन-तीन वर्षे केले, मग बाटली आली. बाटलीतला रस जास्त गोड आहे. चोथा नसतो.

पवित्र शास्त्रातली कोरी पाने. जुन्या करारानंतर आणि नव्या कराराआधी, काही आवृत्त्यांत अगदी पुढे. कुटुंबाची नोंद तिथे: जन्म, बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू. पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या मित्राने आजोबांचे पवित्र शास्त्र माझ्याकडे आणून ठेवले. पंडिता रमाबाईंचे भाषांतर. बाई १९२२ मध्ये गेल्या आणि १९२४ साली केडगावच्या मुक्तिमिशनच्या छापखान्यात ते छापून पूर्ण झाले. मूळ हिब्रू-ग्रीकवरून एकट्या बाईने केलेले काम. कापडी बांधणी सुटली आहे, पाठीला कोणीतरी पायजम्याच्या नाडीने टाके घातले आहेत.

नोंदी तीन हातांच्या. पहिल्या बोरूने, वळणदार, मोडीच्या सवयीचा हात. मग निळी शाई. शेवटची नोंद बॉलपेनने: मित्राचा स्वतःचा बाप्तिस्मा. त्याच्या लग्नाची ओळ नाही, मुलांची नाही. मी त्याला फोनवर विचारले, लिहू का? म्हणाला, मुलांचा बाप्तिस्माच झालेला नाही, काय लिहिणार? म्हटले, जन्म तर झालाय. तो जरा थांबला आणि तारखा सांगितल्या. थोरलीची त्याने बायकोला विचारून सांगितली.

रुसवे. हे वस्तूंत धरावेत का हा प्रश्न आहे, पण ते नाहीसे झाले म्हणून लिहितो. पूर्वी माणूस रुसायचा, दोन रविवार यायचा नाही, मग पाळकसाहेब आणि दोन पंच त्याच्या घरी जायचे, चहा व्हायचा, प्रार्थना व्हायची, तिसऱ्या रविवारी तो यायचा आणि मागच्या बाकावर बसायचा. आता रुसत नाहीत. येणे थांबते, इतकेच.

लोक चर्च सोडतात ते विज्ञानाने, टीव्हीने, पाश्चात्त्य वाऱ्याने, असे आमच्या प्रवचनांत वरचेवर येते. मला ते पटत नाही. माझ्या ओळखीतला एक, कॅनडातला, विचार करून गेला. बाकीचे पंचांच्या निवडणुकीने, जागेच्या दाव्याने, 'तुमच्या बापाने किती वर्गणी भरली' अशा वाक्यांनी गेले. आमची मंडळी मुळात अमेरिकन मराठी मिशनची. सगळ्या सभासदांनी बसून ठरवायचे ही जुनी रीत. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्यात आम्हीही गेलो. सभा अजून होते. पण तिथे आता बाजू आधी ठरलेल्या असतात, आणि ज्याला कुठलीच बाजू नको तो घरी बसतो. पेटीवाला असाच गेला. देवावर त्याचा राग कधीच नव्हता.

साक्षीची सभा. दर शुक्रवारी, कोणाच्या तरी ओट्यावर. कंदील, मग ट्यूबलाइट. ज्याने त्याने उठून सांगायचे, देवाने या आठवड्यात माझ्यासाठी काय केले. खरे सांगायचे तर त्यातले बरेचसे पाठ झालेले असायचे. ताप उतरला, नोकरी लागली, बस चुकली आणि तीच बस पुढे उलटली. उलटलेल्या बसमधल्यांनी कुठल्या ओट्यावर साक्ष द्यायची, हे कोणी विचारत नसे.

विचारले ते कॅनडातल्या मित्राने. तेव्हा तो इथेच होता. आई दवाखान्यात, आम्ही उपवास धरून प्रार्थना केल्या, आणि आई गेली. पुरून आल्यावर मंडळीतल्या एका कर्त्या माणसाने त्याला ऐकवले की विश्वास कमी पडला. ते वाक्य म्हणणारा अजून येतो, पहिल्या बाकावर बसतो. ज्याला म्हटले तो येत नाही.

त्या काळात मित्र मला विचारायचा, तुमच्या पुस्तकात माझ्यासाठी काय आहे ते दाखव. तुमच्या, म्हणाला. मी शोधत बसलो आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र सापडले. बाकीची बहुतेक रडकी स्तोत्रे शेवटी वळण घेतात, आभाराकडे येतात. हे येत नाही. रात्रंदिवस हाका मारणारा माणूस शेवटी देवालाच सुनावतो की माझे स्नेहीसोबती तूच माझ्यापासून दूर केलेस, आणि तिथे, अंधारात, स्तोत्र संपते. कोणी तरी ते तसेच ठेवले, पुढे एक आशेची ओळ जोडली नाही, आणि शेकडो वर्षे लोकांनी ते उपासनेत म्हटले. मित्राला वाचून दाखवले. म्हणाला, हे बरे आहे. परत आला नाही. मी मात्र त्यानंतर प्रार्थनेत गोडगोड बोलणे बरेच कमी केले. माझ्या प्रार्थनेवर सर्वांत जास्त संस्कार केला तो प्रार्थना सोडलेल्या माणसाने, हे लिहून ठेवायला हवे होते, म्हणून लिहिले.

शुक्रवारची सभा आता ऑनलाइन असते. आवाज बंद ठेवायची सूचना असते.

पौलाची यादी. ही आमच्या मंडळीची नाही, पण मी ती वहीत उतरून घेतली आहे. तीमथ्याला दुसरे पत्र, चौथा अध्याय. तुरुंगात बसलेला पौल कोण कुठे गेले ते सांगतो. देमास सोडून गेला, थेस्सलनीकात. त्याला हे जग आवडले. क्रेस्केस गलतियात. तीत दालमतियात. जवळ एकटा लूक. गंमत अशी की देमासाचे कारण दिले आहे, पुढच्या दोघांचे दिलेले नाही; ते बहुधा सेवेसाठी गेले असतील. पण म्हाताऱ्याच्या कोठडीत तिघांची जागा सारखीच रिकामी.

आणि मग तो मागतो काय? त्रोवसला कार्पाच्या घरी राहिलेला झगा. पुस्तके, त्यातही चर्मपत्रे. हिवाळ्याआधी ये, म्हणतो. मार्कालाही घेऊन ये, तो उपयोगाचा आहे. हा तोच मार्क, जो पहिल्या प्रवासात अर्ध्यावर सोडून घरी गेला होता आणि ज्याला पुन्हा बरोबर घेण्यावरून पौलाचे बर्णबाशी कडाक्याचे भांडण झाले होते. मधे काय झाले, कोण कोणाच्या घरी गेले, कोणी आधी सलाम केला, ते कुठेच लिहिलेले नाही. मला तेवढेच वाचायला हवे होते.

रोजच्या प्रार्थनेत मी चौघांची नावे घेतो. पूर्वी पुढे 'त्यांना परत आण' असे असायचे. ते गळून गेले. आता नावे घेतो आणि ज्याचे जे चालू आहे ते सांगतो: एकाच्या गुडघ्याचे ऑपरेशन, एकाच्या मुलीची बारावी, कर्ज. त्यासाठी मला फोन करावे लागतात, नाहीतर देवाला सांगायला माहिती नसते.

दानाची थैली. लाल मखमल, लाकडी दांडा. आत हात घालून मूठ उघडायची, किती टाकले ते शेजाऱ्याला कळू नये. आता दाराशी क्यूआर कोड आहे आणि रक्कम मोठ्याने बोलणारे यंत्र.

नाताळची फेरी. पहाटे दोनपर्यंत, गॅसबत्ती घेऊन. प्रत्येक घरी करंजी. हल्ली आठच्या आत, ठरवून दिलेल्या घरी.

कापणीच्या सणाचा लिलाव. हा अजून आहे, म्हणून यादीत शेवटी, पेन्सिलीने. बाजरी निघाल्यावरच्या एका रविवारी. खांबांना कणसे बांधतात, वेदीपुढे भोपळे, वांगी, घेवडा, अंडी, नव्या धान्याची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपदेश चालू असताना एखादी ओरडते आणि पाळकसाहेब वाक्य पुन्हा सुरू करतात. आशीर्वाद झाला की आवारात लिलाव. लिलाव पुकारणारे काका एका अंड्याला शंभरावर नेतात. नारळ घेणारा तो तिथेच परत दान करतो, पुन्हा बोली लागते. एकच नारळ दुपारपर्यंत चार घरांकडून पैसे काढतो आणि पाचव्या घरी फुटतो.

गेल्या वर्षी पुण्याच्या मित्राचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन वर धरला. त्याने पोरांना दाखवायचे म्हणून लावला होता, पण काकांनी त्याला पाहिले आणि नाव घेऊन हाक मारली. तो बोलीत उतरला. समोर पेटीवाला उभा होता. लिलावाच्या दिवशी तोही येतो, उपासनेनंतर. दोघांची चुरस लागली. एक गावरान कोंबडी नऊशेला पुण्याला गेली. पैसे तिथल्या तिथे आले.

कोंबडी न्यायची कोणी? त्याच्या सोसायटीत चालत नाही. ती आमच्या परसात आहे, अंडी घालते, अंडी आम्ही खातो. तो दर आठवड्याला तिची चौकशी करतो. उपदेश कशावर झाला ते विचारत नाही. परवा मात्र म्हणाला, यंदा सण कुठल्या रविवारी आहे? थोरली यायचे म्हणतेय.

म्हटले, बाजरी निघू दे, पाऊस बघून ठरेल.